गुडघा घेऊन परळला

देवगडची बस पहाटे दादरला थांबली आणि मी डावा पाय जपत उतरले. मी शाळेत खेळ शिकवते. पावसाळ्याआधी मुलींना खो-खोतली झेप दाखवताना गुडघा पिरगळला. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं, म्हणून सगळे म्हणाले, नुसता मुरगळलाय, मनातली भीती काढा. पण पाय चालता चालता दगा द्यायचा. हळूहळू मलाच वाटू लागलं, आपण सोंग तर करत नाही ना?

फुलबाजारात तेच झालं. केशरी-पिवळे ढीग बघत भान हरपून चालले होते. गुडघा आतल्या आत सरकला आणि मी कोसळले. एका फुलवालीने बखोटीला धरून मला झेंडूच्या पोत्यावर बसवलं.

"फुलं चुरगळतील हो," मी म्हणाले.

"चुरगळू दे. तू आधी श्वास घे."

एवढी फुलं मी जन्मात पाहिली नव्हती. त्यांच्यावर बसणं तर दूरच.

लालबागला आत्येकडे गेले. तिची चाळ जाऊन तिथे टॉवर झालाय. खिडकीतून गिरणीची उरलेली चिमणी बोटाएवढी दिसत होती. पलीकडे कॉटन ग्रीनची गोदामं, त्यामागे चकाकतं पाणी. मी खिळून राहिले.

"जेव गो आधी. समुद्र खंय पळान जाणा नाय," म्हणत आत्येने बांगड्याचं तिखलं वाढलं.

परळच्या डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. पाय सैल सोडायला सांगून नडगी अलगद पुढे ओढली. ती चक्क सरकली! एमआरआय झाल्यावर त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

"इथे एक घट्ट काळी पट्टी दिसायला हवी. दिसतेय?"

"नाही."

"ते लिगामेंट, हाडांना बांधून ठेवणारं. पूर्ण तुटलंय."

वाईट वाटायच्या आधी मला हायसं वाटलं. दुखणं खरं होतं.

"मग मी इतके दिवस चालले कशी?"

"मांडीच्या स्नायूंनी सांभाळलं तुम्हाला. ते आणखी बळकट करू, मग शस्त्रक्रिया."

परतीच्या वाटेवर हात सारखा मांडीकडे जात होता. कुणी न सांगता ती एवढा भार वाहत आली होती.

सोमवारी मैदानावर मुलींनी घेरलं. "बाई, आता पळणार?"

"इतक्यात नाही," म्हणत मी तांबड्या मातीत पाय पसरून बसले आणि शिकवलेला व्यायाम सुरू केला. मांडी आवळली, तशी गुडघ्याची वाटी कातडीखालून वर सरकली. मुलींनीही पाय पसरले. जी ती आपापल्या गुडघ्याकडे बघत बसली.