साडेचार तास पुढचं घड्याळ

त्याला कुणी वेळ विचारली की तो उलट विचारायचा, "इथली सांगू का तिथली?" मनगटावरचं घड्याळ त्यानं साडेचार तास पुढे लावून ठेवलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या ज्या भागात त्याला जायचं होतं, तिथली ती वेळ. जळगाव जामोदच्या स्टँडवर दुपारी सोनाळ्याच्या गाडीची वाट बघत आम्ही उभे असायचो, आणि हा घड्याळाकडे बघून म्हणायचा, "तिथं आता तोडणी आटपली असन बे." म्हणून त्याचं नाव पडलं साडेचार.

पण जाण्याची मूळ कल्पना माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. वर्षभर तिकडे राहायचं, पोटापुरतं काम करायचं आणि उरलेल्या वेळात देश बघायचा, असा व्हिसा मिळतो हे मी शोधून काढलं होतं. निवड चिठ्ठ्या काढल्यासारखी होते, आणि वयाची एकतीस वर्षं पूर्ण झाली की अर्ज करता येत नाही. मला तीस पूर्ण झाली होती, म्हणजे माझी ती शेवटची संधी. इंग्रजीचा क्लास मी चालवतो. साडेचार माझ्याहून चार वर्षांनी लहान, कसाबसा बी. ए. झालेला, सोनाळ्यात लोकांच्या संत्र्याच्या बागा सांभाळणारा. त्याला सोबतीला घेतला तो मीच.

मी याद्या करत बसलो, तो तयारीला लागला. तिकडे फळं तोडताना पिशवी पोटावर बांधतात हे कळल्यावर त्यानं खताच्या पोत्याची तशी पिशवी शिवली आणि ती बांधून भर उन्हात शिडी चढू लागला. तोडणीच्या बाया हसून बेजार. "काऊन रे, कितवा महिना?" एकीनं विचारलं. तो म्हणाला, "नववा हाय मावशी. आता ऑस्ट्रेलियातच मोकळा होतो." मला त्या पिशवीची लाज वाटली होती. अशी पिशवी आपल्याला सुचली नाही, याची चिडचिड घरी आल्यावर झाली.

इंग्रजीचा सराव करायला म्हणून आम्ही एकदा लोणारला गेलो. सरोवराच्या काठावर एक गोरं जोडपं भेटलं. मी मनात वाक्य जुळवत होतो, क्रियापद तपासत होतो, तेवढ्यात हा जाऊन त्यांच्या शेजारी बसलासुद्धा. व्याकरणाचे मुडदे पाडत तासभर बोलला, त्यांना हसवलं, त्यांच्या डब्यातलं खाल्लं. परत येताना मी त्याच्या चुका मोजून दाखवल्या. "हाव, चुकलो," तो म्हणाला, "पन तू तर बोललाच नाही ना बे."

अर्ज दोघांचे माझ्याच मोबाईलवरून भरले. त्याचा ईमेलही मीच उघडून दिला होता. "मेलबिल तूच पाह्य," असं म्हणून त्यानं तो विषयच संपवला होता. मग एका मंगळवारी सकाळी क्लासमध्ये मोबाईल वाजला. त्याची निवड झाली होती. माझी झाली नव्हती. ठरलेल्या मुदतीत पुढचा अर्ज केला नाही तर निवड रद्द, असंही त्यात लिहिलेलं. मी मोबाईल उपडा ठेवला आणि पोरांना काळ शिकवत राहिलो.

तीन दिवस मी गप्प राहिलो. विसरलो असं म्हणता आलं असतं, मेल दिसलाच नाही असंही म्हणता आलं असतं. मी इतका जळलो होतो की ही दोन्ही वाक्यं मी तयारही करून ठेवली होती. शुक्रवारी मात्र जेवण गेलं नाही, तसाच उठून सोनाळ्याची गाडी पकडली. तो बागेत होता. मी मोबाईल त्याच्यापुढे धरला. त्यानं तो हातातही घेतला नाही.

"मले मंगळवारीच मालूम झालं. नेटच्या सेंटरवर रोज पाह्यत होतो, पासवर्ड तूनंच देल्ता ना. मेल उघडलेला दिसला, म्हंजे तूनं वाचला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगतो का, पाह्यत होतो."

"आणि नसतंच सांगितलं तर?"

"तर गेलो नसतो," तो सरळ म्हणाला. "माय एकटी हाय. तुहा नंबर लागला नाही हे तू गप बसला तवाच समजलं; मंग तिचं दवापानी तुह्या भरवशावर टाकून जाचं होतं. तो भरवसाच नसता, तं कसा जातो?"

मी तिथेच बांधावर बसलो. चांगलं रडू आलं, ते लपवलंही नाही.

निघायच्या दिवशी स्टँडवर त्यानं घड्याळ काढलं आणि काटे साडेचार तास मागे घेतले. "तिथं गेल्यावर आता इथला टाइम पाहा लागन," म्हणाला, आणि गाडीत चढला.

माझी एकतीस वर्षं पूर्ण होऊन गेली. दर शुक्रवारी मी सोनाळ्याला त्याच्या आईची, काकूंची औषधं घेऊन जातो. समुद्रकिनाऱ्यावरचे त्याचे फोटो त्या मला कौतुकानं दाखवतात, आणि अजूनही माझ्या पोटात दुखतंच, खोटं कशाला सांगू? फोटो बघून झाले की त्या विचारतात, "बाबू, तिथं आता किती वाजले असतीन?" मी मनगटाकडे बघून लगेच सांगतो. क्लासमधली पोरं हल्ली माझ्यामागे मलाच साडेचार म्हणतात.