इंग्रजी शाळेचा फॉर्म

कानडी मुलखातल्या बनशंकरीत, एका इंग्रजी शाळेबाहेर एक ख्रिस्ती बाई इंग्रजी न येणाऱ्या पालकांचे फॉर्म भरून द्यायची. लिहिलेली प्रत्येक ओळ ती बोट ठेवून वाचून दाखवायची. लेकीला प्रवेश मिळावा म्हणून मी हळूच म्हटलं, "अक्का, माझं शिक्षण दहावी लिहा."

"खरं किती?"

"चौथी. पण पोरीच्या भल्यासाठीच सांगतेय ना!"

ती हसली. "पोरीचं भलं करायला येशूला आपल्या खोट्याची मदत लागते होय?" आणि तिनं चौथीच लिहिलं.

मुलाखतीत मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "फक्त चौथी?" एरवी माझा आवाज फुटत नाही. त्या दिवशी मोठ्यानं "हो" म्हणाले.

प्रवेश मिळाला नाही. लेकीला सरकारी शाळेत घातलं. माझी चौथी कानडीतच झालेली; तिथला कानडी फॉर्म मी माझ्या हातानं भरला, एकही ओळ न लपवता.