ठाण्यात पाणी मागणाऱ्या आपा

आपा कुठल्याही पोलीस ठाण्यात शिरल्या की आधी प्यायला पाणी मागत. तहान असो वा नसो. हवालदार वैतागून पेला पुढे करी. त्या सावकाश पाणी पीत, पेला स्वतः विसळून जागेवर ठेवत आणि मग म्हणत, "हां साहेब, सांगा आता. आमचं पोरगं कुठं बसवलंय?" मी लातूरहून आलेली नवी वकील, कलमं घोकून त्यांच्यामागे उभी असायची. एकदा बाहेर पडल्यावर मी याबद्दल विचारलंच. म्हणाल्या, "ज्याला पाणी पाजलं त्याला हाकलणं जड जातं माय. कलम मागून काढ. ते कुठं पळून चाललंय?"

नांदेडच्या जुन्या भागात त्यांच्या भावांचं बांगड्यांचं दुकान. वरच्या माडीवर आपा मुलींना शिवणकाम शिकवत. वर्गातल्या एका मुलीच्या भावाला चोरीच्या संशयावरून पोलिसांनी उचललं, आणि कुठे ठेवलंय ते कुणी सांगेना. मुलगी रडत आली. आपांनी कात्री खाली ठेवली, बुरखा घातला आणि तिचा हात धरून निघाल्या. संध्याकाळी तो भाऊ घरी आला. दुसऱ्या दिवशी माडीच्या जिन्यावर अनोळखी माणसं आपापली गाऱ्हाणी घेऊन बसली होती. आपांचे थोरले भाऊ चिडले, "दुकानाचं नाव जाईल." आपा म्हणाल्या, "बांगड्या तुमच्या नावावर विकतात भाईजान, माझ्या न्हाई." त्या माडीवरच पुढे संस्था उभी राहिली आणि किनवटच्या जंगलातल्या गावांपासून औशापर्यंत तिचं काम पसरलं. मानवी हक्क हा शब्द मात्र आपा क्वचितच वापरत. त्या म्हणत, "माणसाचं काम."

मार खाल्लेल्या माणसाचा फोटो त्या काढू देत नसत. एकदा दिल्लीहून मदत देणाऱ्या संस्थेची मंडळी आली. कोठडीतून सुटलेल्या एका तरुणाची सुजलेली पाठ त्यांना अहवालात हवी होती. आपांनी त्याला सदरा घालायला लावला. "ज्या दिवशी हा हसेल त्या दिवशी या. तवा काढा." मंडळी परत गेली आणि मदतही गेली. तो तरुण मात्र आमच्याकडेच कामाला लागला. त्याचा हसरा फोटो आज कार्यालयात आहे. आपांनीच काढलेला, जरा वाकडा.

पण आपा खऱ्या अर्थाने कळल्या त्या औसा तालुक्यातल्या एका गावात. पारधी वस्तीतली म्हातारी वारली होती आणि गावाने स्मशानभूमीची वाट अडवली होती. उन्हाळ्याचे दिवस. प्रेत झोपडीसमोर ठेवलेलं, मुलगा सुन्न बसलेला. आम्ही पोहोचलो तेव्हा सरपंच बाईंचा नवरा तावातावाने बोलत होता. आपांना पाहून म्हणाला, "तुम्ही मुसलमान. आमच्या स्मशानात तुमचं काय काम?"

"काहीच न्हाई," आपा म्हणाल्या. "मला तिथं जागा नको. हिला पायजे."

काहीजण हसले. तो आणखी भडकला. तहसीलदारांना फोन करायला मी मोबाइल काढला, तेवढ्यात आपा त्याला ओलांडून पलीकडे गेल्या. तिथे डोक्यावर पदर घेऊन सरपंच बाई उभ्या होत्या.

"सरपंच तुम्ही हाव का हे?"

बाईंनी पदर आणखी पुढे ओढला.

"ही तुमच्या ओळखीची व्हती का?"

बाईंनी प्रेताकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या दोन्ही बाळंतपणाला हीच व्हती. शेक-शेगडी हिनंच केली." आणि एकदम आवाज चढवून नवऱ्याला म्हणाल्या, "बाजूला व्हा. सरपंच मी हाय. लाकडं आपल्या गोठ्यातली द्या."

आपा स्मशानाच्या फाटकापर्यंत आल्या आणि बाहेरच थांबल्या. परतताना जीपमध्ये त्या डोळे पुसत होत्या. मी म्हटलं, "आपा, जिंकलो आपण." त्या म्हणाल्या, "आपण न्हाई. ती बाई जिंकली. उद्या तिला घरात तरास होईल, तू जाऊन ये." मी गेले. पुढेही जात राहिले.

गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा आपांनी संस्था माझ्यावर सोपवली आणि कंधारला लेकीकडे जायचं ठरवलं. निरोप समारंभाला ठाम नकार दिला. मी बसस्टँडवर पोहोचवायला गेले. त्या खिडकीशी बसल्या, मी खाली उभी राहिले. तेवढ्यात बसच्या दाराशी गलका झाला. कचरा वेचणारी एक बाई चढू पाहत होती. प्रवासी म्हणत होते, वास येतो. कंडक्टरने दारात हात आडवा धरला होता. सवयीने मी आपांकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघून राहिली?" त्या म्हणाल्या. "आता तू हाय ना!"

डोळे पुसून मी दाराशी गेले आणि कंडक्टरशी बोलले. म्हटलं, "ती तिकीट काढणार आहे ना? मग हात कशाला आडवा?" अखेर त्याने हात खाली घेतला.

बस सुटली तेव्हा ती बाई आपांच्या शेजारी बसली होती. मी हात हलवत होते. आपांचं लक्षच नव्हतं. त्या तिला तिचं नाव विचारत होत्या.