जळालेली टर्मिनलं

वसमतला गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या त्या मिस्तरीचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या जुन्या जीपचे दिवे गेले की वडील त्याच्याकडेच जातात. मी आयटीआयमध्ये वायरिंगच शिकवतो, पण मला विचारत नाहीत.

तो आधी फ्यूज बॉक्स हुंगतो, मग वायरशी बोलतो, "काहून तापून राहिली माय?"

परवा त्यानं वायरींच्या टोकांची जळालेली टर्मिनलं कापून नवी बसवली. वडील कौतुकानं टॉर्च धरून उभे होते. माझ्यासाठी ते असे कधी उभे राहिले नाहीत.

"सर, तुमी शिकलेले. एकदा बघून घ्या," मिस्तरी मला म्हणाला.

मी चूक शोधली. सापडली नाही.

"ठीक आहे."

"ठीक काहून?" वडील म्हणाले. "बराबर हाय म्हण की!"

मी तसं म्हटलं, पण मिस्तरीकडे न बघता.