सविस्तर बाई

मुलांनी त्यांचं नाव ‘सविस्तर बाई’ ठेवलं होतं. सव्वीस वर्षं भाषा शिकवताना वहीच्या समासात त्या लाल शाईनं इतकं लिहायच्या, की उत्तर चिमूटभर आणि शेरा वीतभर. मुलं वैतागायची, पण वह्या जपून ठेवायची.

तपासणी केंद्रातल्या पडद्यावर समासच नव्हता. शून्य, एक, दोन अशी तीन बटणं, बस्स. त्यातून मुलांच्या उत्तरांत मंडळानं आधीच गुण ठरवलेली काही उत्तरं पेरलेली. ती ओळखू येत नसत. त्यांना ठरलेलेच गुण दिले की हिरवी खूण, नाहीतर लाल पट्टी. खऱ्या मुलाचं उत्तर असेल तर काहीच उमटायचं नाही, सरळ पुढचं यायचं. तीन पट्ट्या झाल्या की तपासनीस बाद, आणि बाद झालेल्याला दहावीचा वर्ग नाही, हा शाळेचा नियम.

दुपारपर्यंत बाईंच्या दोन पट्ट्या झाल्या होत्या.

उतारा नावाड्याचा. त्यानं होडी अर्ध्यातून का वळवली? ठरलेलं उत्तर : वादळ येत होतं म्हणून. एकानं लिहिलं होतं, काठावर म्हातारी एकटीच राहिली म्हणून. म्हातारी उताऱ्यात होतीच की! बाईंनी दोन गुण दिले. लाल. हीच ती दुसरी पट्टी.

“कारण वादळ दिलं की दोन, नाही दिलं की भोपळा,” शेजारी गणित तपासणारे सर म्हणाले. “इतकं सोपं आहे हे आधी कळतं, तर तुमचाच विषय घेतला असता हो!”

“आणि मूल बरोबर असलं तर?”

“मूल घरी झोपलंय, बाई. परीक्षा तुमची चाललीय.”

पुढचं उत्तर आलं. ‘वादळ तर निघतानाच दिसत होतं. तेव्हा का नाही थांबला? त्याला म्हातारीची हाक ऐकू आली असणार.’

बाईंचा हात पेन शोधू लागला. पेन दारावर जमा होतं. इतकं नेमकं कोण लिहिणार? पेरलेलंच असणार, आपल्यासारख्यांना पकडायला. खऱ्या मुलांकडून आपणच तर वर्षभर ‘वादळ’ घोटून घेतो. डोळ्यांपुढे दहावीचा वर्ग आला, आणि त्यांनी शून्य दाबलं.

हिरवी खूण आली नाही. लाल पट्टीही नाही.

“सर, मागे कसं जायचं?”

“होडी आहे का ती, वळवायला?”

पडद्यावर पुढचं उत्तर होतं : वादळ येत होतं म्हणून. बाईंनी दोन दिले. हिरवी खूण उमटली.