वाढत्या अंगाचा फ्रॉक

मंडळी, आज दुपारी नांदेडात लेकीचा गणवेश घ्यायला गेले होते.

माझ्या पुढं एक बाई पहिलीतल्या पोरीला शाळेचा फ्रॉक घालून बघत होती. तो पार घोट्यापर्यंत आला. ती दुकानदाराला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ, आतून दुमडून घेते. तीन वर्षं निघतेत."

रांगेत शेजारी उभ्या असलेल्या मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "हातात मोबाईल आहे बघा, अन् लेकराला मापाचा कपडा नाही." मी हसले.

बाई गेली. मॅडमचा नंबर आला. "एक साइज मोठाच द्या हं, वाढतं अंग आहे."

मग मीही तेच सांगितलं.

मोबाईल आमच्याही हातात होते. आम्हाला का कुणी काही म्हणालं नाही?