बॉयकॉट नावाचा माणूस

खालापूरच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात माझी वीस वर्षे गेली. परंतु स्वतःच लिहिलेल्या अर्जातील शब्दाने मी हादरलो, असे एकदाच घडले.

डोंगराकडच्या गावातून आलेला तो पन्नाशीचा गृहस्थ धुतलेला सदरा घालून समोर ताठ बसला होता. बौद्ध झाल्यावर त्याच्या घराने गावाची मेलेली ढोरे ओढणे सोडले, म्हणून गावाने त्यांना वाळीत टाकले होते. माझ्या रिवाजाप्रमाणे मी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. ‘गावाने आमचा बॉयकॉट केला आहे,’ हे ऐकताच त्याने कागदावर तळहात ठेवला.

“हा शब्द काढा, रायटरसाहेब. हे एका माणसाचं आडनाव हाय.”

“अहो, इंग्रजी मला शिकवता?”

“मुंबईला कॉलेजात शिपाई व्हतो, तिथल्या मास्तरांनी सांगितलं. आयर्लंडात जमीनदाराचा कारभारी व्हता तो. कुळांना हुसकायचा, म्हणून लोकांनी त्याचं काम सोडलं, दुकानदारांनी माल दिला नाय. त्यानं जुलूम केला व्हता. आमी काय केलं?”

मी टाकाने तो शब्द खोडला. कितीतरी पीडितांच्या अर्जांत मी त्या जुलमी माणसाचे नाव घातले होते!

“मग काय लिहू?”

“घडलं ते लिहा. दुकानदार मीठ देत नाय. बाळंतीण सुनेला तीन दिस अळणी पेज घालतोय.”

मी तसेच लिहिले. सवयीने अंगठ्याची शाई पुढे केली. ती बाजूला सारून त्याने सावकाश सही केली.

ते नाव आज मला आठवत नाही. कारभाऱ्याचे मात्र विसरता येत नाही.